मोबाईलमधलं नाणं : घेण्याआधी तीन प्रश्न



मिरजगावच्या बाजारात आज भाजीच्या ढिगाशेजारी, चहाच्या टपरीवर, बांगड्यांच्या दुकानात क्यूआर कोडचा कागद दिसतो. पैसे आले की दुकानातला डबा मोठ्यानं बोलून सांगतो. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो. आता याच मोबाईलवर आणखी काही शब्द येऊ लागलेत : क्रिप्टो, बिटकॉइन, यूएसडीटी, स्टेबलकॉइन, डिजिटल रुपया. घरातली तरुण पोरं हे शब्द सहज बोलतात. मग बैठकीत कुणीतरी विचारतंच, "ताई, हे खरं असतंय का? आणि आपल्याला त्याचं काय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर देताना "सगळं खोटं" म्हणून भागत नाही, "सगळं नवं म्हणून चांगलं" म्हणूनही भागत नाही. म्हणून या पाठात आपण तीन प्रश्न शिकणार आहोत. पैसा कागदाचा असो, धातूचा असो की मोबाईलमधला, हे तीन प्रश्न त्याला विचारायचे :

१. हा पैसा काढला कुणी?
२. त्याच्यामागे काय ठेवलंय?
३. चुकलं किंवा बुडालं तर दाद कुठे मागायची?

रुपया रुपयात फरक पूर्वीही होता

आपल्या शेजारचा आष्टी तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपला कर्जत तालुका इंग्रजी अमलात. इकडे चालायचा इंग्रजांचा कलदार रुपया, तिकडे निजामाचा हाली रुपया. नाव दोन्हींचं रुपयाच, पण किंमत सारखी नव्हती. सरकारी हिशोबानं ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार. एका मुलखातलं नाणं दुसरीकडे बदलून घ्यायचं, तर बदलून देणारा आपला बट्टा कापून घ्यायचा. "नावाला बट्टा लागला" असं आपण आजही म्हणतो.

म्हणजे "हाही रुपयाच आहे" एवढं ऐकून आपल्या आज्या-पणज्या नाणं घेत नव्हत्या. नाणं वाजवून बघायच्या आणि छाप कुणाचा ते बघायच्या. मोबाईलमधलं नाणं वाजवता येत नाही, म्हणून त्याला प्रश्न विचारायचे.

आधी आपला रोजचा पैसा तपासू

नोट काढली रिझर्व्ह बँकेनं, तिच्यावर गव्हर्नरची सही आहे. मागे देशाची मध्यवर्ती बँक उभी आहे. ती घ्यायला कुणी कायद्यानं नाही म्हणू शकत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पक्की. तिसऱ्याचं तेवढं कच्चं, कारण नोट पडली तर गेली.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. लक्षात ठेवा, यूपीआय हा पैसा नाही, तो रस्ता आहे. त्या रस्त्यावरून तुमच्या बँक खात्यातला रुपया समोरच्याच्या खात्यात जातो. स्मार्टफोन नसेल तरी साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय मार्च २०२२ पासून आहे. मग यूपीआयच्या पैशामागे कोण? तर तुमची बँक.

आणि बँकसुद्धा तपासावी लागते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. अशा वेळी ठेव विमा कामाला येतो. व्याज धरून एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. २०२० च्या आधी ते फक्त १ लाख होतं. पण पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पाटी बँकेसारखी, काउंटर बँकेसारखा, पासबुकही तसंच, तरी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळं येतं. म्हणूनच तीन प्रश्न पाठ करायचे.

डिजिटल रुपया म्हणजे सरकारी नाणं, फक्त मोबाईलमधलं

१ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाची, म्हणजे ई-रुपीची, चाचणी सुरू केली. सुरुवात मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथून झाली, मग इतर शहरं आली. काही बँका त्याचं ॲप देतात. आपल्या खात्यातून पैसे त्या पाकिटात घ्यायचे आणि दुकानातला नेहमीचा यूपीआयचा कोड स्कॅन करून द्यायचे.

मग यूपीआयहून वेगळं काय? यूपीआयमध्ये बँकेच्या खात्यातली रक्कम सरकते. डिजिटल रुपयात खुद्द रिझर्व्ह बँकेची नोटच एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात जाते. नोट पदराच्या गाठीला बांधून ठेवली तर व्याज मिळत नाही, तसंच यालाही व्याज नाही.

याला आणखी एक सोय आहे. हा पैसा अमुक कामासाठीच खर्च व्हावा, अशी अट त्यात घालता येते. खतासाठी दिलेला पैसा खताच्या दुकानातच चालेल, असं. सोय चांगली, पण अट कोण घालणार आणि आपल्याला विचारून घालणार का, हे उद्या आपणच विचारायचं आहे.

तीन प्रश्नांची उत्तरं बघा. काढला रिझर्व्ह बँकेनं. मागे रिझर्व्ह बँक. दाद आधी ॲप देणाऱ्या बँकेकडे आणि नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पास!

बिटकॉइन : वही पक्की, भाव कच्चा

बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं. ते कुठल्या सरकारनं काढलं नाही, बँकेनं नाही. मग हिशोब कोण ठेवतं? आपल्या गटाच्या वहीवरून समजून घ्या. आपण बैठकीत सगळ्यांसमोर बचत लिहितो, मोठ्यानं वाचतो. आता समजा वही एकट्या सचिवताईकडे न राहता दहाही जणींकडे तिची नक्कल आहे, आणि नवी ओळ लिहिली की ती दहाही वह्यांत उमटते. एकीनं मागची ओळ खोडली तर बाकी नऊ वह्या तिला लगेच पकडतील. याच पद्धतीला ब्लॉकचेन म्हणतात. कल्पना चांगलीच आहे.

पण वही पक्की म्हणून भाव पक्का होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरवर गेला होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या खाली आला. पुढे परत चढला. हे आपल्याला कांद्यानं चांगलं शिकवलंय. कांदा खोटा नसतो, पण गटाचा हिशोब आपण कांद्यात ठेवत नाही, कारण सोमवारी दिलेलं कर्ज शनिवारी किती झालं हेच कळणार नाही. म्हणून रोजच्या देण्याघेण्याला बिटकॉइन अवघड पडतं. एल साल्वादोर या देशानं सप्टेंबर २०२१ मध्ये कायदा करून ते दुकानात घेणं सक्तीचं केलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये ती सक्ती काढून टाकली.

स्टेबलकॉइन म्हणजे गोदामाची पावती

भाव असा उडतो म्हणून स्टेबलकॉइन निघाले. स्टेबल म्हणजे स्थिर. एका कॉइनची किंमत कायम एक डॉलर राहील, असं काढणारी कंपनी सांगते. सर्वांत मोठं नाणं टेदर कंपनीचं, त्याला यूएसडीटी म्हणतात. ते २०१४ पासून आहे. दुसरं मोठं नाणं यूएसडीसी, २०१८ पासून.

हे कसं चालतं? वखार आठवा. आपण ज्वारीची पोती गोदामात ठेवतो, पावती मिळते. पावतीवर कर्ज मिळतं, कारण बँकेला खात्री असते की पावतीएवढी ज्वारी आत आहे. स्टेबलकॉइन ही तशीच पावती आहे. कंपनी म्हणते, तुम्ही एक डॉलर द्या, मी एक कॉइन देते, डॉलर माझ्या गोदामात राहील.

मग सगळा प्रश्न एकच उरतो. गोदामात ज्वारी आहे का?

तीन गोदामं बघू.

पहिलं टेदरचं. अमेरिकेच्या एका सरकारी नियामक संस्थेनं २०२१ मध्ये कंपनीला ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड लावला. २०१६ ते २०१८ मधले २६ महिने तपासले, तेव्हा बाजारातल्या कॉइनएवढे पुरेसे पैसे कंपनीच्या खात्यांत फक्त २७.६ टक्के दिवसच होते. म्हणजे दर चार दिवसांतले साधारण तीन दिवस पावत्या जास्त आणि ज्वारी कमी.

दुसरं यूएसडीसीचं. त्याच्या कंपनीचे ३३० कोटी डॉलर अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होते. मार्च २०२३ मध्ये ती बँक बुडाली आणि एक डॉलरचं नाणं ८८ सेंटच्या आसपास घसरलं. तिथल्या सरकारनं ठेवीदारांना हमी दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते परत सावरलं. "स्थिर" नाणंसुद्धा शेवटी कुठल्या तरी बँकेच्याच आधारावर उभं असतं, हे त्या दिवशी जगाला कळलं.

तिसरं टेरा यूएसडी. त्याच्या गोदामात डॉलर नव्हतेच. त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका नाण्याच्या जोरावर भाव टिकेल, असा हिशोब मांडला होता. ठेवीला वर्षाला जवळपास २० टक्के व्याज मिळतंय म्हणून जगभरातून लोक धावले. मे २०२२ मध्ये काही दिवसांतच एका डॉलरचं नाणं काही सेंटवर आलं.

या सगळ्यानंतर अमेरिकेनं जुलै २०२५ मध्ये स्टेबलकॉइनचा कायदा केला. जेवढी नाणी तेवढे डॉलर किंवा सरकारी रोखे ठेवायचे आणि दर महिन्याला ते जाहीर करायचे, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे गोदामाची तपासणी आता सुरू होतेय. चांगलं आहे, पण कायदा तिकडचा आहे. आणि टेदरकडून थेट डॉलर परत घ्यायचे तर किमान १ लाख डॉलरचा व्यवहार लागतो. एक पोतं घेऊन गेलेल्या बाईला त्या गोदामाचं दार उघडत नाही. तिला बाजारात दुसऱ्या कुणाला तरी विकूनच पैसे करावे लागतात.

मग याचा उपयोग कुणालाच नाही का?

आहे, आणि तोही नीट सांगितला पाहिजे. ज्या देशांत महागाईनं तिथल्या पैशाची किंमत महिन्यागणिक घटते, अर्जेंटिनासारख्या, तिथली माणसं घामाचे पैसे वाचवायला डॉलरचं नाणं मोबाईलमध्ये ठेवतात. परदेशात राबणाऱ्या माणसाला घरी पैसे पाठवायचे असतात. जगात सरासरी बघितली तर २०० डॉलर पाठवायला ६ टक्क्यांहून जास्त खर्च जातो. तिथे असं नाणं काही मिनिटांत आणि कमी खर्चात पोचतं. त्यांची ती गरज खरी आहे.

आपली गरज वेगळी आहे. आपल्याकडे गावातल्या गावात किंवा मिरजगावहून मुंबईला पैसे पाठवायला यूपीआय आहे, त्याला पाठवणारीला खर्च नाही. सिंगापूरमध्ये असलेल्या माणसाला तर फेब्रुवारी २०२३ पासून तिथल्या खात्यातून इथल्या यूपीआयवर थेट पैसे पाठवायची सोय झाली आहे. शिवाय आपल्याकडे क्रिप्टो नाणं ठेवायला बंदी नसली तरी ते कायदेशीर चलन नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. नाणं देऊन साडी घेतली तरी कायद्याच्या नजरेत तो नाणं विकल्याचाच व्यवहार. रोजच्या खरेदीला हे परवडणारं नाही.

आपल्या दारात ते कसं येतं?

म्हणजे बाजारात कुणी तुम्हाला यूएसडीटी देऊन मेथीची जुडी मागणार नाही. ते दुसऱ्या वाटेनं येतं. तीन वाटा ओळखून ठेवा.

*पहिली वाट, दामदुप्पट.* पुण्यात २०१८ मध्ये गेनबिटकॉइन प्रकरण उघडकीला आलं आणि पोलिसांनी त्याचा प्रमुख अमित भारद्वाज याला अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. त्या योजनेत महिन्याला १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असं सांगितलं होतं. नंतर लोकांना बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं त्यांचंच नाणं दिलं गेलं, ज्याची किंमत फारच कमी होती. आपण अंतर्गत कर्जाला महिना दीड टक्का लावायचा की दोन, यावर अर्धी बैठक घालवतो. मग महिना दहा टक्के ऐकून एकही प्रश्न न विचारता पैसे कसे काढून द्यायचे?

*दुसरी वाट, घरबसल्या काम.* व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर निरोप येतो, "व्हिडिओला लाइक करा, रोज पाचशे मिळवा." पहिले दोन दिवस पैसे येतातही. मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरायला सांगतात, आणि कमाई यूएसडीटीत दिसते. ॲपवर आकडा वाढत जातो, पण काढायला गेलं की "आधी कर भरा" म्हणतात. तो आकडा म्हणजे पाटीवर खडूनं लिहिलेली रक्कम, खात्यातली नव्हे.

*तिसरी वाट, तुमचं खातं.* ही सगळ्यात जास्त नुकसान करणारी, कारण यात बाईनं एक रुपयाही गुंतवलेला नसतो. समजा भाचा म्हणाला, "आत्या, तुझ्या खात्यावर चाळीस हजार येतील, मी काढून घेतो. तुला पाचशे ठेव." भाचा मोबाईलवरून अनोळखी माणसाला यूएसडीटी विकतोय, पैसे तुमच्या खात्यावर मागवतोय. तो अनोळखी माणूस ठग असेल तर तो स्वतःचे पैसे पाठवत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी शहरातल्या म्हाताऱ्या माणसाला फसवून त्याचे चाळीस हजार तुमच्या खात्यावर टाकायला लावतो. पैसे आलेले बघून भाचा नाणं सोडतो. नाणं काही मिनिटांत परदेशात. म्हातारा तक्रार करतो. पोलिसांना पहिलं नाव दिसतं तुमचं, कारण पैसे तुमच्या खात्यात आले. खातं गोठतं, चौकशीला बोलावणं येतं. आणि त्याच खात्यावर लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येत असतात, दुधाचं बिल येत असतं, गटाच्या कर्जाचा हप्ता त्यातूनच जायचा असतो.

नाणं गेलं परदेशात, रोकड नेली भाच्यानं, आणि अडकली आत्या. हप्ता चुकला की गटाची परतफेड बिघडते, म्हणजे एकीच्या खात्याची झळ दहा जणींना लागते. म्हणून ही गोष्ट एकटीची खासगी नाही, गटाची आहे. भाचा वाईट असतो असं नाही, बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं. पण "माझं खातं कुणाला वापरायला देत नाही" एवढं वाक्य प्रेमानं, हसत, ठामपणे बोलता आलं पाहिजे.

काय करायचं, काय नाही

• बँक खातं, एटीएम कार्ड, सिमकार्ड, ओटीपी, पिन कुणालाही वापरायला द्यायचं नाही. घरातल्यांनाही नाही.
• पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. "पैसे येण्यासाठी पिन टाका" म्हणणारा फसवतोय.
• अनोळखी रक्कम खात्यात आली तर खर्च करू नका आणि सांगेल त्या नंबरवर परत पाठवू नका. बँकेत जाऊन लेखी कळवा.
• फसवणूक झाली तर लाजायचं नाही. लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेतच रोखली जायची शक्यता जास्त.
• बँकेनं लेखी तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे.
• घरातल्या कुणाला क्रिप्टोत पैसे घालायचेच असतील तर बुडाले तरी चूल पेटेल एवढेच घालावेत. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. तिथे ठेव विमा नसतो. गटाची बचत आणि गटाचं कर्ज तर त्या वाटेला न्यायचंच नाही.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. नोट, पतसंस्थेची ठेव, डिजिटल रुपया, यूएसडीटी. चारही पैशांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं फळ्यावर लिहा. कुणाचं कुठलं उत्तर कच्चं निघालं?
२. आपल्या गटात कुणाच्या खात्याचं एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हातात आहे? नावं घ्यायची गरज नाही, पण या आठवड्यात ते परत मागून घ्यायचं.
३. एकीनं भाचा व्हायचं, एकीनं आत्या. भाच्यानं खूप गळ घालायची. आत्यानं नातं न तोडता नकार द्यायचा. दोघींचं बोलणं ऐकून बाकीच्यांनी सांगायचं, कुठलं वाक्य उपयोगी पडलं.
४. ठरलेलं वाक्य ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या. ज्या सखीला सही येत नाही तिला वाक्य वाचून दाखवायचं, तिच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि मगच अंगठा घ्यायचा.